‘बातम्या बघत नाही’ म्हणणाऱ्या मुलाची वही

फॉर्मात सात प्रश्न होते. चौथा : ‘तुम्ही रोज बातम्या वाचता किंवा पाहता का?’ त्याने ‘नाही’भोवती गोल केला होता. पाचवा : ‘नसल्यास का?’ उत्तर : ‘इंटरेस्ट नाही.’ सहावा : ‘छंद?’ उत्तर एका शब्दात : ‘रेल्वे.’

सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी माध्यमांची ओळख करून देणारा एक ऐच्छिक विषय शिकवते. विज्ञान, वाणिज्य, कला अशा सगळ्या शाखांची मुलं त्याला बसतात. जुलैमध्ये पहिल्याच तासाला हा फॉर्म भरून घेते. बहुतेक मुलं चौथ्या प्रश्नाला ‘हो’ लिहितात आणि काल काय झालं असं विचारलं की बाकाखाली बघतात. ‘नाही’ लिहिणारा हा एकटा निघाला. तास संपल्यावर त्याला थांबवलं ते कौतुक म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर, याला सुधारायला हवं असंच तेव्हा डोक्यात होतं. पुढचे आठ महिने त्याच्याकडे बघताना तो विचार कसा ढिला पडत गेला, ते इथे लिहिते आहे. त्याची परवानगी घेतली आहे. नाव देत नाही.

मुलगा दुसऱ्या वर्षाला, भौतिकशास्त्राचा. गाव कुर्डुवाडीजवळ. घरी थोडा ऊस, दोन म्हशी. आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. सोलापूर जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना यातलं वजन कदाचित कळणार नाही. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरचं ते डोकं. पुढे ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. तिचं वर्कशॉप कुर्डुवाडीचं. रूळ रुंद होऊन गेले, पण भोंगा वाजला की जेवायला बसायचं ही सवय कित्येक घरांत मागे राहिली. या मुलाच्या घरात गप्पांचा विषय पाऊस, ऊस आणि गाडी. राजकारण निघालं की आजी उठून आत जायची, असं तो सांगतो.

हॉस्टेलवर टीव्ही नाही. खोलीत तिघे. फोनमध्ये दिवसाला दीड जीबी डेटा, आणि फोनच सांगतो की तो रोज पाच तासांच्या आसपास हातात असतो. मी त्याला शंभर पानी वही दिली. निदान पंधरा दिवस लिही म्हटलं : काय बघितलं, कोणी पाठवलं, पुढे काय केलंस. वळणदार लिहू नकोस, तारीख मात्र घाल.

पहिल्या पानावर हे होतं :

‘५.५० उठलो. वंदे भारत गेली, आवाज आला. उजनी ९६. पाणी उद्या. डीजेचे दोन रील बघितले. दौंड साइडला ब्लॉक आहे, हुतात्मा लेट होणार. बातमी : काही नाही.’

ब्लॉक म्हणजे रुळांच्या कामासाठी थांबवलेली वाहतूक, हुतात्मा ही सोलापूर-पुणे गाडी. मी हे दोनदा वाचलं. चार ओळींत तीन बातम्या होत्या आणि शेवटी तो ‘काही नाही’ लिहून मोकळा.

‘उजनी ९६’ म्हणजे काय ते सोलापुरात सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. भीमेवरचं उजनी धरण सुमारे ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). त्यातलं जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, वापरासाठीचा जिवंत साठा साडेत्रेपन्नासच्या आसपास. टक्केवारी मोजतात ती जिवंत साठ्याची. म्हणून उन्हाळ्यात धरण ‘उणे’ जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं आणि पाणीपट्टी भरणारी बाईसुद्धा ‘उणे किती झालं हो?’ असं विचारत होती. पावसाळ्यात हाच आकडा सकाळी सकाळी गल्लीच्या ग्रुपवर, दूधवाल्याच्या तोंडी, रिक्षात, सगळीकडे फिरतो. शहराला काही पाणी थेट उजनीवरून पाइपलाइनने येतं, काही भीमेत सोडलेलं टाकळीला उचलतात. नळाला किती दिवसांनी पाणी येणार याचा धागा त्या आकड्याशी बांधलेला आहे. जिल्ह्यातली सगळ्यांत जास्त वाचली जाणारी बातमी कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी मथळ्यांकडे न बघता या एका आकड्याकडे बोट दाखवीन.

मुलाला मी म्हटलं, “अरे, उजनी ९६ ही बातमी नाही का?”

“ते पाणी आहे, मॅडम.”

“आणि ब्लॉक?”

“ते रेल्वे.”

“मग बातमी म्हणजे काय?”

तो जरा थांबला. “ते भांडतात ते.”

बातमी म्हणजे संध्याकाळी चौकटी-चौकटींतून एकमेकांवर ओरडणारी माणसं. घरी टीव्ही लागला की हेच दिसायचं, म्हणून त्याने बातमी या शब्दावरच काट मारली होती. त्याला कंटाळा आला होता तो आरडाओरड्याचा, आणि माझ्या फॉर्मात त्याची नोंद ‘इंटरेस्ट नाही’ अशी झाली. चूक प्रश्नाची होती, पण हे मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. मी त्याला रोज अर्धा तास वाचनालयात बसून पेपर वाचायचं काम दिलं. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

वहीतली रेल्वेची पानं वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखी आहेत. अक्षरसुद्धा बारीक, नीट. तो तीन ग्रुपांत आहे, त्यातल्या एकात पुणे-दौंड-सोलापूर पट्ट्यातली पोरं, दोन निवृत्त गार्ड आणि एक लोको पायलट. तिथे माहिती टाकायची पद्धत ठरलेली आहे. गाडी म्हटली की नाव नव्हे, नंबर. २०१० च्या डिसेंबरपासून गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले आणि पहिला आकडा बोलका झाला : शून्य म्हणजे विशेष गाडी, एक-दोन म्हणजे लांब पल्ल्याची, पाच म्हणजे पॅसेंजर. हुतात्मा १२१५७, सिद्धेश्वर १२११५, वंदे भारत २२२२५. सोलापूरची ही वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, तेव्हा तो बारावीला होता आणि परीक्षा तोंडावर असताना ती बघायला कुर्डुवाडी स्टेशनात गेला. बोरघाटाचा १:३७ चा चढ ती मागून ढकलणारं जादा इंजिन न लावता चढते, हे मला त्याच्याकडून कळलं. ऐकून मी “हो का?” म्हटलं. त्याला ते पुरेसं वाटलं नाही, त्याने वहीत चढाचं चित्र काढून दाखवलं.

आषाढीच्या आधी त्याच्या मावशीने पंढरपूरसाठीच्या विशेष गाड्यांची यादी पाठवली. याने दोन मिनिटांत परत कळवलं की ही यादी गेल्या वर्षीची आहे. कसं कळलं? यादीत तारखेसोबत वार होता. तारीख या वर्षीच्या कॅलेंडरला लावली की वार जुळत नव्हता. इतकं सोपं. मावशीने ती यादी तोवर भजनी मंडळाला पाठवली होती.

जून २०२३ मध्ये ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला, त्या दिवसांतली त्याची आठवणही अशीच. रुळाशेजारच्या एका इमारतीचं छायाचित्र मशीद म्हणून फिरवून अपघाताला धार्मिक रंग दिला जात होता. प्रत्यक्षात ते इस्कॉनचं मंदिर होतं. याच्या शाळेच्या ग्रुपवर ते छायाचित्र जोरात चाललं. याच्या रेल्वेच्या ग्रुपवर त्याच वेळी वाद चालला होता तो मेन लाइनचा सिग्नल मिळालेली गाडी लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, गेलीच कशी, इंटरलॉकिंगमध्ये (सिग्नल आणि रुळांचे सांधे एकमेकांशी बांधणाऱ्या यंत्रणेत) काय घोळ झाला असेल, यावर. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतही बोट सिग्नलच्या वायरिंगमधल्या चुकांकडेच गेलं. अठरा वर्षांच्या मुलाने छायाचित्र पुढे पाठवलं नाही, याचं श्रेय मी माध्यम साक्षरतेला देऊ शकत नाही. त्याला पॉइंट, म्हणजे रुळांचा सांधा, कसा बदलतो ते माहीत होतं. अशा माणसाला दुसरी गोष्ट विकणं अवघड जातं.

आता सवलतीची गोष्ट. ही वहीतली सगळ्यांत लांब नोंद आहे, पावणेतीन पानं.

सप्टेंबरात घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलं : रेल्वे मंत्रालयाचा मोठा निर्णय, ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात पुन्हा सवलत, येत्या एक तारखेपासून लागू. वर तिरंगा, खाली हात जोडलेले. मार्च २०२० पूर्वी साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. कोविडच्या सुरुवातीला ती थांबली आणि तेव्हापासून ‘पुन्हा सुरू झाली’ असा निरोप दर काही महिन्यांनी नव्या तारखेसह फिरतो. आजीने तिरुपतीचा बेत काढला होता, त्यामुळे घरात आनंद.

याने काय काय केलं ते क्रमाने लिहिलं आहे. निरोपावर दोन बाण होते, म्हणजे बऱ्याच हातांतून आलेला. भाड्यातला बदल रेल्वे बोर्डाच्या कमर्शियल सर्क्युलरने होतो, त्याला नंबर आणि वर्ष असतं, इथे काहीच नव्हतं. मग त्याने तिकिटाच्या साइटवर आजीचं वय घालून सोलापूर-तिरुपतीचं भाडं काढलं, नंतर स्वतःचं वय घालून काढलं. दोन्ही सारखं. ज्येष्ठांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना मिळतो तो खालच्या बर्थचा कोटा, हा सवलतीपेक्षा वेगळा प्रकार, हेही त्याने समजावून लिहिलं. दोन्ही भाड्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘मामा हे खोटं आहे. सवलत नाही.’

अर्धा तास ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग मामांचं आलं : ‘आम्ही काय अडाणी आहोत का. चांगली गोष्ट कोणी टाकली की खोड काढायची.’ त्यावर आत्याचा अंगठा. आईने फोन करून सांगितलं, “मोठ्यांना असं चारचौघांत बोलायचं नाही. मामाला वेगळं फोन करून सांगायचंस की.” आजीने तिकीट काढलं नाही, पण नातवामुळे नाही, तर गुडघे दुखायला लागले म्हणून.

शेवटची ओळ : ‘पुढच्या वेळी गप्प बसणार.’

या ओळीवर मी बराच वेळ अडकले. खरं-खोटं तपासायच्या युक्त्या आम्ही शिकवतो : छायाचित्र उलटं शोधा, मूळ स्रोत बघा, सरकारी योजनेबद्दल शंका आली तर पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकवर जा. सगळं बरोबर. पण मामाला ‘हे खोटं आहे’ कसं सांगायचं, हा तास आमच्या अभ्यासक्रमात नाही. या मुलाला तपासायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जड गेलं ते सांगणं. आईने दिलेला सल्ला माझ्या सगळ्या युक्त्यांपेक्षा कामाचा होता : वेगळा फोन कर. माणसाची अब्रू राखून चूक सांगायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे, ग्रुपवर ती पाळायला जागा नाही एवढंच.

इथवर वाचून कोणाला वाटेल, मुलगा हुशार आहे, काळजी नाही. मलाही वाटलं होतं. पुढच्या पानावर हे निघालं : ‘मोफत लॅपटॉप योजनेचा फॉर्म भरला. १५ जणांना पाठवायचं होतं, पाठवलं.’

तोच मुलगा, तोच आठवडा. निरोपावर तेच दोन बाण. नंबर नाही, तारीख नाही, सही नाही. वेबसाइटचं नाव असं की सरकारचा वाससुद्धा नाही. पंतप्रधानांच्या नावाने फिरणारी ही मोफत लॅपटॉपची थाप किती वेळा खोटी ठरवून झाली आहे. आणि याने नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख भरून ती वर्गाच्या ग्रुपवर टाकली. पुढचे चार दिवस त्याला कर्जाचे आणि गेमचे फोन येत होते.

“तू आजीचं भाडं दोनदा काढून बघितलंस. हे का नाही बघितलंस?”

“मॅडम, लॅपटॉप पाहिजे होता.”

एवढंच उत्तर. मी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं, कारण यापेक्षा नेमकं कारण मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. प्रॅक्टिकलचे अहवाल तो फोनवर टाइप करतो. ज्याची गरज आहे त्याच्यावर शंका घ्यायला जीव धजत नाही. आजीला सवलत हवी होती, याला लॅपटॉप.

दुसरंही एक कारण होतं आणि ते मला त्याच्या आईशी बोलल्यावर कळलं. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांच्या घरी लाडकी बहीण योजनेची खबर पहिल्यांदा आली ती अशाच फिरत्या निरोपाने. मामांनीच पाठवला होता. महिन्याला १५०० रुपये, २१ ते ६५ वयाच्या बायकांना, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. याने तेव्हा आईला सांगितलं होतं, “असलं काही नसतं, फॉर्म भरू नको.” शेजारणीने भरला, मग आईनेही भरला, आणि ऑगस्टात रक्षाबंधनाच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार खात्यावर आले. म्हणजे त्याने एकदा शंका घेतली होती आणि तोंडावर पडला होता. खरी योजना आणि खोटी योजना एकाच पोशाखात, एकाच माणसाच्या हातून, एकाच ग्रुपवर येतात. त्यातली एक फळली की दुसरीवर संशय घेणारा घरात मूर्ख ठरतो. शहरात बसून ‘लोक कसे काहीही फॉरवर्ड करतात’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. फॉर्म न भरून चुकलं तर वर्षाचे अठरा हजार गेले. भरून चुकलं तर चार फोन आले, असं त्या घराचं गणित आहे. चार फोनांऐवजी कधी खातंही रिकामं होऊ शकतं, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. पण ते दुसऱ्याच्या बाबतीत घडलेलं असतं.

खोट्या निरोपाची याहून भयंकर किंमत याच जिल्ह्याने मोजली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक, त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हे दोन बाण तिथून पुढे आलेत, हे मी वर्गात दर वर्षी सांगते. मंगळवेढ्याची मुलं वर्गात असली तर आवाज आपोआप खाली येतो.

पेपर वाचायचं काम चौथ्या दिवशी बंद पडलं. त्याने सरळ सांगितलं, “मॅडम, नाही होत.” खोलीतला दुसरा मुलगा राज्यसेवेची तयारी करतो. तो पेपर वाचतो म्हणजे पिवळ्या, हिरव्या पेनाने रंगवतो. नियुक्त्या, पुरस्कार, निर्देशांक. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव हिस्सा गुण कापले जातात, त्यामुळे तोही बातमीकडे भीतीनेच बघतो. त्याला चालू घडामोडी पाठ आहेत आणि वॉर्डात पाणी कधी येतं ते याला विचारावं लागतं. दोघांपैकी बातम्यांची सवय कोणाला आहे म्हणायची, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पण त्या चार दिवसांत एक गोष्ट झाली होती. ग्रंथपालबाईंनी मला सांगितलं, “तुमचा मुलगा जाहिराती वाचतो.” बघितलं तर तो निविदा सूचना वाचत होता. रेल्वेच्या निविदा : अमुक यार्डात रूळ बदलणं, तमुक पुलाचे गर्डर. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचं काम कुठवर आलंय, हे तो मथळ्यांवरून ठरवत नाही, कुठल्या कामाची निविदा निघाली त्यावरून ठरवतो. “भाषणात गाडी लगेच येते मॅडम, निविदेत कळतं खरं.” मला हे इतकं आवडलं की मी स्टाफरूममध्ये दोघांना सांगितलं. त्यांना विशेष वाटलं नाही.

निविदेत काय असतं? नंबर, तारीख आणि सही करणाऱ्याचा हुद्दा. मी त्याला एवढंच म्हटलं की तू रेल्वेला जे तीन प्रश्न विचारतोस, ते रेल्वेबाहेर एकदा विचारून बघ. त्याने वहीच्या मागच्या पानावर ते आपल्या भाषेत लिहिले : ‘नंबर काय? तारीख कुठली? सही कोणाची?’

हे औषध किती चाललं? कागदावर चाललं. ऑक्टोबरात परतीच्या पावसात, रात्री साडेदहाला, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचं उद्या शाळा-महाविद्यालयांना सुट्टीचं पत्र फिरलं. याने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, ‘जावक क्रमांक नाही. तारखेचा फॉन्ट वेगळा आहे. उद्या या.’ मुलं चिडली, पण आली. व्हिडिओवर मात्र औषध अजिबात चाललं नाही. नोव्हेंबरात एका मोर्चाची क्लिप ‘आज, सोलापूर’ म्हणून आली, ती त्याने पाठवून दिली. क्लिपला नंबर नसतो, सही नसते. रेल्वेची क्लिप असती तर त्याने डबे निळे की लाल, इंजिन कुठलं, वर तार आहे का, यावरून साल सांगितलं असतं. माणसांच्या गर्दीकडे बघायला त्याच्याकडे तसा डोळा नाही. दुकानाच्या पाट्या बघ, पाटीवरची लिपी बघ, अंगावर स्वेटर आहेत का बघ, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. पुढच्या क्लिपला पुन्हा तेच. इथे माझा उपाय कमी पडला, असं नोंदवून पुढे जाते.

एक जागा मात्र अशी होती जिथे काही सांगावंच लागलं नाही. डिसेंबरात वही परत आली तेव्हा मागच्या बाजूने एक वेगळाच तक्ता सुरू झालेला होता. तारीख, उजनी टक्के, दौंडचा विसर्ग, धरणातून भीमेत सोडलेलं पाणी. ऑगस्टपासूनच्या नोंदी. पुण्याकडची धरणं भरून वाहिली की पाणी दौंडवरून उजनीत येतं, म्हणून दौंडचा क्युसेकचा आकडा बघितला की पुढचा अंदाज येतो, आणि उजनीतून जास्त सोडलं की पंढरपुरात चंद्रभागेचं वाळवंट बुडतं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दौंड हे त्याच्या डोक्यात आधी जंक्शन म्हणून होतं, गाड्यांसाठी. आता तिथून पाणीही पास होत होतं. त्याने तक्त्यात वापरलेला शब्द तोच आहे : ‘पास’. फिरत्या निरोपात उजनीचा आकडा दोन टक्क्यांनी जास्त आला, तो दिवस त्याने लाल पेनाने खुणावला होता.

मी विचारलं, हे कधीपासून डोक्यात आलं. त्याने जे सांगितलं त्यात पुन्हा रेल्वे होती. एप्रिल २०१६. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी न्यायचं ठरलं. राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपात टाक्यांच्या वाघिणी धुऊन तयार केल्या होत्या. पहिली गाडी दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. बार्शी लाइटचा जुनाच रस्ता, रूळ तेवढे रुंद झालेले. हा तेव्हा अकरा वर्षांचा. आजोबांनी सायकलवर बसवून त्याला फाटकापाशी नेलं. लोक गाडीला हात जोडत होते. टाक्यांच्या झाकणांतून थोडं पाणी सांडत होतं आणि आजोबा म्हणाले होते, “गळतंय बघ.”

“ती बातमी होती का रे?” मी मुद्दाम विचारलं.

“तेव्हा नाही वाटलं. गाडी बघायला गेलो होतो.”

मार्चमध्ये, सत्र संपताना, मी तोच फॉर्म पुन्हा भरून घेतला. चौथ्या प्रश्नापुढे त्याने ‘हो’लाही गोल केला नाही आणि ‘नाही’लाही. शेजारी पेनाने लिहिलं होतं, ‘कशाच्या?’ पाचवा कोरा. सहाव्यात ‘रेल्वे’पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं, ‘उजनी’.